प्रिडेटर हेलिओस ३०० वर उबुंटूमधून किबोर्डचे रंग बदलायचे असतील तर

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की एसरच्या हेलिओस ३०० लॅपटॉपवर विंडोजच्या शेजारी उबुंटू टाकलंय, रंग बदलायचं एसरचं प्रिडेटरसेन्स फक्त विंडोजवर चालतं म्हणून किबोर्ड एकाच रंगावर अडकलाय, व्हिडिओ बघून बायॉसमध्ये सिक्युअर बूट (फक्त सही असलेलाच कोड चालू देणारी सोय) बंद केलं, गिटहबवरून ड्रायव्हर उतरवून त्यातली इन्स्टॉल स्क्रिप्ट चालवली, रंग बदललेही, पण रीस्टार्ट केल्यावर सगळं गायब. मग विंडोजने बिटलॉकरची (डिस्कच्या कुलपाची) रिकव्हरी की मागितली म्हणून सिक्युअर बूट परत चालू केलं, आणि आता तीच स्क्रिप्ट "की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस" असं सांगून थांबते. सिक्युअर बूट कायमचं बंद ठेवू का, असं विचारतोयस.

नको ठेवूस, गरजच नाही. तुझ्या दोन अडचणी वेगवेगळ्या आहेत आणि दोन्ही ड्रायव्हरच्या नाहीत, तो ज्या पद्धतीने बसवला गेला तिच्या आहेत. एक म्हणजे मॉड्यूल (ड्रायव्हरची बांधलेली फाइल) कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, फोल्डरमध्ये बसवलंच गेलं नाही, फक्त त्या वेळेपुरतं मेमरीत चढवलं गेलं. दुसरी म्हणजे त्यावर डिजिटल सही नाही. दोन्हीचा इलाज डीकेएमएस (मॉड्यूल बांधून बसवणारं साधन) आणि मोक (सहीची आपली स्वतःची किल्ली). सगळं नीट क्रमाने सांगतो, थोडं लांबेल, पण एकदा समजून घेतलंस तर पुढच्या लॅपटॉपला पण उपयोगी पडेल.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की कर, की किबोर्डचा रंग नक्की कोण बदलतं. लॅपटॉपच्या बटणांखालचे एलईडी दोनपैकी एका रस्त्याने चालतात. काही लॅपटॉपमध्ये लाइटचा कंट्रोलर आतल्या आत यूएसबीला जोडलेला असतो, म्हणजे टर्मिनलमध्ये एलएसयूएसबी मारलं की तो यादीत दिसतो. तैवानच्या आयटीई कंपनीची चिप असेल तर व्हेंडर आयडी ०४८डी दिसतो, स्टीलसिरीजवाला किबोर्ड असेल तर १०३८, रेझर असेल तर १५३२, एसस असेल तर ०बी०५. अशा ठिकाणी बऱ्याचदा कर्नल मॉड्यूल लागतच नाही, एखादा साधा प्रोग्रॅम यूएसबीवरून त्या चिपला ठरलेले बाइट्स पाठवतो आणि काम होतं. दुसऱ्या रस्त्यात यूएसबीवर काहीच दिसत नाही, कारण लाइट एम्बेडेड कंट्रोलरच्या, म्हणजे ईसीच्या हातात असते, जो फॅन, बॅटरी, चार्जिंग हे पण सांभाळतो, आणि त्याच्याशी बोलायचं तर बायॉसने दिलेल्या डब्ल्यूएमआय नावाच्या खिडकीतूनच बोलावं लागतं. ते काम फक्त कर्नलमधूनच होतं, म्हणून मॉड्यूल लागतं. जे ड्रायव्हर सुचवले जातात ते बरेचदा आपल्या लॅपटॉपच्या रस्त्याचे नसतातच, आणि मग लोक चार-चार ड्रायव्हर टाकून बघतात आणि सिस्टिमचा पार गोंधळ करून ठेवतात. त्यामुळे आधी ओळख पटवायची, मग ड्रायव्हर.

तुझा चार झोनवाला (बटणांचे चार गट, प्रत्येकाला वेगळा रंग) हेलिओस दुसऱ्या, ईसीवाल्या रस्त्याचा. खात्री करायची असेल तर /सिस/बस/डब्ल्यूएमआय/डिव्हायसेस या फोल्डरची यादी काढ. तिथे लांबलचक ओळख क्रमांक, म्हणजे जीयूआयडी, दिसतील, त्यात ७ए४डीडीएफई७ ने सुरू होणारा एक आहे का बघ. हा एसरच्या गेमिंग लॅपटॉपच्या फीचर्सचा दरवाजा आहे, टर्बो बटण, फॅन आणि किबोर्डचे रंग सगळं याच्यातूनच जातं. तो असेल तर पुढे जा. आणि /सिस/क्लास/डीएमआय/आयडी/ मध्ये प्रॉडक्ट_नेम नावाची फाइल कॅट करून बघ, त्यात पीएच३१५-५३ असं काहीतरी मॉडेल येईल, ते लिहून ठेव, पुढे लागेल. एसरच्याच नायट्रो ५ वाल्यांसाठी एक सूचना इथेच, जुन्या बऱ्याच नायट्रोंमध्ये बटणांखाली फक्त लाल एलईडी आहेत, तिथे कुठलाही ड्रायव्हर निळा रंग आणू शकत नाही, कारण निळा एलईडी तिथे नाहीच. विंडोजमध्ये नायट्रोसेन्सला रंग निवडायचा पर्यायच दिसत नसेल तर लिनक्समध्ये शोधत बसू नका.

आता तू जो ड्रायव्हर टाकलास तो, फेसर नावाचा. हे मॉड्यूल म्हणजे कर्नलमध्ये आधीपासून असलेल्या एसर-डब्ल्यूएमआय ड्रायव्हरची वाढवलेली प्रत आहे. ज्याने हे लिहिलं त्याचंच टर्बो मोडचं काम पीएच३१५-५३ साठी कर्नल ५.१५ मध्ये मुख्य झाडात (कर्नलच्या अधिकृत सोर्समध्ये) गेलं, किबोर्डचे रंग मात्र अजून या बाहेरच्या मॉड्यूलमधूनच मिळतात. हे मॉड्यूल चढलं की /डेव्ह मध्ये दोन फाइली तयार होतात, एसर-जीकेबीबीएल-० आणि एसर-जीकेबीबीएल-स्टॅटिक-०. पहिलीत १६ बाइट्स लिहायचे, त्यातून इफेक्ट, वेग, ब्राइटनेस, दिशा ठरते. दुसरीत ४ बाइट्स, झोन आणि लाल-हिरवा-निळा. मॉड्यूल ते बाइट्स उचलतं आणि डब्ल्यूएमआयच्या मेथडला देतं, पुढे बायॉसचं कोड ईसीला सांगतं. बस, एवढंच सगळं आहे, आणि म्हणूनच मला हा ड्रायव्हर आवडतो, कोड उघडून वाचला तर अर्ध्या तासात कळतो. वाच खरंच. कर्नल मॉड्यूल म्हणजे तुझ्या मशीनवरचा सगळ्यात जास्त अधिकार असलेला कोड, रूटच्याही आतला, आणि तो आपण इंटरनेटवरून उतरवून चढवतोय. निदान इन्स्टॉल स्क्रिप्ट तरी ओळ न ओळ वाचायचीच, ती मोठी नसते.

ती वाचलीस की तुझ्या पहिल्या अडचणीचं उत्तर तिथेच दिसेल. स्क्रिप्ट आधी एसर_डब्ल्यूएमआय काढते, कारण दोघेही त्याच जीयूआयडीवर हक्क सांगतात आणि एका वेळी एकच बसू शकतो, मग मेक चालवून फेसर.केओ ही मॉड्यूलची फाइल बनवते आणि इनएसमॉडने ती फाइल चढवते. इनएसमॉड म्हणजे ही फाइल आत्ता मेमरीत घे, एवढंच. /लिब/मॉड्यूल्स मध्ये काही जात नाही, मॉड्यूल्सची यादी ठेवणाऱ्या डिपमॉडला काही कळत नाही, त्यामुळे मशीन रीस्टार्ट झालं की कर्नलला असं काही मॉड्यूल होतं याचा पत्ताच नसतो आणि तो आपला जुना एसर_डब्ल्यूएमआय चढवून मोकळा होतो. शिवाय इनएसमॉड अवलंबून असलेली मॉड्यूल्स स्वतः आणत नाही, म्हणून काहींना "अननोन सिम्बॉल" चा एरर येतो, मग डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) बघितलं तर स्पार्स-कीमॅप हे मदतीचं मॉड्यूल चढलेलं नसतं. मॉडप्रोब ही दुसरी कमांड हे सगळं स्वतः बघते. ट्रायल म्हणून इनएसमॉड उत्तम आहे, आधी चालतंय का ते बघायला मी पण तेच करतो, पण त्याला इन्स्टॉल झालं असं म्हणायचं नाही.

रेपोमध्ये (ड्रायव्हरच्या गिटहबवरच्या फोल्डरमध्ये) सर्व्हिस बसवणारी वेगळी स्क्रिप्ट पण आहे, बूट होताना तेच सगळं परत करणारी. ती चालते, पण माझं मत डीकेएमएसच्या बाजूने आहे, कारण सही करण्याचं काम डीकेएमएस करतो, सर्व्हिस करत नाही, आणि तुला सिक्युअर बूट चालू ठेवायचंय. ती सर्व्हिस आधी चालू करून बसला असशील तर सिस्टिमसीटीएलने डिसेबल कर आणि रेपोतली अनइन्स्टॉल स्क्रिप्ट चालव, म्हणजे दोन रस्त्यांनी एकच मॉड्यूल चढायची भानगड राहणार नाही.

तयारीला चार पॅकेजेस लागतात, बिल्ड-इसेन्शियल, डीकेएमएस, गिट आणि लिनक्स-हेडर्स. हेडर्स म्हणजे मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइली, त्या घेताना लोक हमखास अडखळतात. युनेम -आर मारून चालू कर्नलचा जो आकडा येतो त्याच आकड्याचे हेडर्स पाहिजेत, आणि शिवाय लिनक्स-हेडर्स-जेनेरिक हे मेटापॅकेज पण टाकून ठेव (एचडब्ल्यूई, म्हणजे उबुंटूने नव्या हार्डवेअरसाठी दिलेल्या कर्नलवर असशील तर त्याचं एचडब्ल्यूईवालं), म्हणजे उद्या अपडेटमध्ये नवा कर्नल आला की त्याचे हेडर्स आपोआप येतील. फक्त आजच्या आकड्याचे टाकलेस तर आज चालेल, पुढच्या अपडेटला डीकेएमएसला बिल्ड करायला सामानच मिळणार नाही आणि किबोर्ड परत जुन्या रंगावर. फेडोरावर याच पॅकेजला कर्नल-डेव्हल म्हणतात, आर्चवर नुसतं लिनक्स-हेडर्स.

उबुंटू २२.०४ वर असशील तर अजून एक ठेच ठरलेली आहे. तिथला एचडब्ल्यूई कर्नल ६.५ पासून जीसीसी १२ या कंपायलरने बांधलेला आहे आणि सिस्टिमचा नेहमीचा जीसीसी ११ आहे, त्यामुळे बिल्ड करताना "अनरेकग्नाइज्ड कमांड-लाइन ऑप्शन" म्हणून एफ-ट्रिव्हियल-ऑटो-व्हार-इनिट चं नाव घेऊन एरर येतो आणि माणसाला वाटतं ड्रायव्हर मोडलाय. ड्रायव्हर ठीक आहे, फक्त जीसीसी-१२ पॅकेज टाकायचं. २४.०४ वर हा त्रास नाही.

आता डीकेएमएस. हे डेल कंपनीच्या लोकांनी लिहिलेलं साधन आहे, काम एकच, बाहेरच्या मॉड्यूलचा सोर्स जपून ठेवायचा आणि प्रत्येक नव्या कर्नलसाठी तो आपोआप बांधून द्यायचा. सोर्सचा फोल्डर /यूएसआर/एसआरसी मध्ये नाव-व्हर्जन अशा नावाने कॉपी करायचा, म्हणजे समजा फेसर-०.१. त्यात डीकेएमएस.कॉन्फ फाइल पाहिजे. रेपोत असेल तर तीच वापर, नसेल तर पाच-सहा ओळींची लिहायची, पॅकेज_नेम फेसर, पॅकेज_व्हर्जन ०.१, बिल्ट_मॉड्यूल_नेम[०] फेसर, डेस्ट_मॉड्यूल_लोकेशन[०] /अपडेट्स, ऑटोइन्स्टॉल येस. केओ फाइल फोल्डरच्या आत एसआरसी मध्ये तयार होत असेल तर बिल्ट_मॉड्यूल_लोकेशन[०] मध्ये तो फोल्डर सांगायचा, नाहीतर बिल्ड यशस्वी होऊन पण फाइल सापडली नाही म्हणून रडतो. मेक ची ओळ लिहूच नकोस. याला कारण आहे. पुष्कळ रेपोंच्या मेकफाइलमध्ये युनेम -आर ठोकून लिहिलेलं असतं, आणि अपडेटच्या वेळी चालू असतो जुना कर्नल पण बांधायचं असतं नव्यासाठी, मग मॉड्यूल जुन्यासाठी बांधलं जातं आणि नव्याच्या फोल्डरमध्ये जाऊन पडतं, आणि पुढच्या बूटला "इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट". ओळच नसली तर डीकेएमएस स्वतःची कमांड वापरतो ज्यात योग्य कर्नलचा पाथ असतो. रेपोतल्या तयार कॉन्फमध्ये ही ओळ असली तर तिच्यात युनेम नाही, कर्नलव्हर हा व्हेरिएबल आहे ना, एवढं बघून घे.

मग सुडो लावून डीकेएमएस ॲड, डीकेएमएस बिल्ड, डीकेएमएस इन्स्टॉल, तिन्हीत -एम ने नाव आणि -व्ही ने व्हर्जन. शेवटी डीकेएमएस स्टेटस मारलं की फेसर, व्हर्जन, कर्नलचा आकडा आणि पुढे इन्स्टॉल्ड दिसलं पाहिजे. बिल्ड फुटला तर स्क्रीनवरचा एरर काही सांगत नाही, खरा एरर /व्हार/लिब/डीकेएमएस च्या आत फेसर, व्हर्जन, बिल्ड या फोल्डरमधल्या मेक.लॉग मध्ये असतो, आणि तिथे शेवटची ओळ न बघता पहिला एरर शोधायचा, खालचे सगळे त्याचेच परिणाम असतात.

आता सही. सिक्युअर बूट चालू असताना कर्नल फक्त ओळखीच्या किल्लीने सही केलेलंच मॉड्यूल घेतो, आणि उबुंटूची किल्ली आपल्याकडे नाही, म्हणून आपली स्वतःची किल्ली मशीनच्या यादीत घालायची. यालाच मोक म्हणतात, मशीन ओनर की. उबुंटूवर डीकेएमएस स्वतः किल्लीने सही करतो, किल्ली /व्हार/लिब/शिम-साइन्ड/मोक या फोल्डरमध्ये असते, त्यातली मोक.डर ही सार्वजनिक बाजू. सिक्युअर बूट चालू असताना डीकेएमएसचं पहिलं मॉड्यूल टाकलंस की किल्लीची नोंदणी करायला तो निळ्या खिडकीत पासवर्ड विचारतो, तो ठेवायचा आणि लक्षात ठेवायचा, एकदाच लागतो, किमान ८ अक्षरी. विचारलंच नाही तर सुडो मोकयुटिल --इम्पोर्ट करून पुढे मोक.डर चा पूर्ण पाथ द्यायचा, पासवर्ड तिथे विचारेल. डेबियन आणि फेडोरावर किल्ली /व्हार/लिब/डीकेएमएस/मोक.पब इथे असते, बाकी कृती तीच.

मग रीस्टार्ट, आणि इथे स्क्रीनसमोरून उठायचं नाही. उबुंटू सुरू व्हायच्या आधी निळा मोक मॅनेजर येतो आणि कुठलं तरी बटण दाबायला फक्त १० सेकंद देतो, नाही दाबलं तर नोंदणी रद्द होऊन सरळ बूट होतं आणि परत इम्पोर्टपासून सुरुवात. बटण दाबून एनरोल मोक, कंटिन्यू, येस, पासवर्ड, रीबूट. बूट झाल्यावर मोकयुटिल --एसबी-स्टेट ने सिक्युअर बूट चालू असल्याची खात्री कर, आणि मॉडइन्फो फेसर मारून साइनर पुढे काही नाव येतंय ना बघ. नाव आलं म्हणजे सही आहे. आता विंडोज बिटलॉकरची की मागणार नाही, कारण सिक्युअर बूटची सेटिंग आपण हलवलेलीच नाही. आणि तरीही तुझी ती रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जाऊन आजच कागदावर उतरवून ठेव, ड्युअल बूट करणाऱ्या प्रत्येकाकडे ती असलीच पाहिजे, पुढेमागे बायॉस अपडेटला पण लागू शकते.

चढवायची व्यवस्था. /ईटीसी/मॉडप्रोब.डी मध्ये एक कॉन्फ फाइल करून त्यात ब्लॅकलिस्ट एसर_डब्ल्यूएमआय अशी ओळ, आणि /ईटीसी/मॉड्यूल्स-लोड.डी मध्ये दुसरी, तिच्यात फक्त फेसर हा एक शब्द. नंतर सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू, हे विसरू नकोस, जुनं मॉड्यूल बूटच्या सुरुवातीच्या इमेजमध्ये बसलेलं असेल तर ब्लॅकलिस्ट असून पण ते आधी चढतं. एसर_डब्ल्यूएमआय बंद केल्याने वायफायची आणि हॉटकीजची बटणं जातील अशी भीती नको, फेसर त्याचीच प्रत असल्याने ते काम पण तोच करतो. रीबूट करून एलएसमॉडमध्ये फेसर असलं आणि एसर_डब्ल्यूएमआय नसलं, आणि /डेव्ह मध्ये वर सांगितलेल्या दोन फाइली दिसल्या की झालं. डीमेसेजमध्ये "टेंट्स कर्नल" अशी ओळ दिसेल, तिला घाबरू नकोस. बाहेरचं मॉड्यूल चढलं की कर्नल स्वतःवर तशी खूण करून ठेवतो, /प्रॉक/सिस/कर्नल/टेंटेड मध्ये ४०९६ ची भर पडते, सही नसेल तर अजून ८१९२ ची. कर्नलवाल्यांना बग कळवताना त्यांना कळावं म्हणून ती असते, बाकी काही नाही.

आता रंग. रेपोत फेसर_आरजीबी.पीवाय आहे. मोड शून्य म्हणजे स्थिर रंग, १ ब्रेथ, २ निऑन, ३ वेव्ह, ४ शिफ्टिंग, ५ झूम. स्थिर रंगात -झेड ने झोन १ ते ४ द्यायचा, -सीआर, -सीजी, -सीबी ने प्रत्येकी ० ते २५५ आकडे, -बी ने ब्राइटनेस. प्रत्येक झोनसाठी वेगळी कमांड, म्हणजे पूर्ण किबोर्ड एका रंगात पाहिजे तर चारदा. तू स्वतःचा प्रोग्रॅम लिहिणार असशील तर ध्यानात ठेव की आत झोन बिटने जातो, १, २, ४, ८, म्हणजे चौथ्या झोनला ४ पाठवलंस तर तिसरा पेटेल. आणि पडद्यावरचा रंग बटणांवर तसाच येईल ही अपेक्षा ठेवू नकोस, या एलईडींमध्ये निळा जोरात आणि लाल थोडा मवाळ असतो, २५५-२५५-२५५ टाकलं की पांढऱ्याऐवजी निळसर दिसतं. निळा १६०-१८० पर्यंत आणि हिरवा २१० च्या आसपास आणून डोळ्याने जुळवून घे. रात्री अभ्यासाला बसणार असशील तर मंद केशरी ठेव, निळा डोळ्यात फार घुसतो.

बूटला रंग परत यायला एक छोटी सिस्टिमडी सर्व्हिस लिही, टाइप वनशॉट, आफ्टर सिस्टिमडी-मॉड्यूल्स-लोड.सर्व्हिस, एक्झेकस्टार्ट मध्ये त्या चार कमांड असलेली शेल स्क्रिप्ट. स्क्रिप्टमध्ये आकडे सरळ लिही, सेव्ह केलेल्या प्रोफाइलवर भरवसा ठेवू नकोस, प्रोफाइल तुझ्या होम फोल्डरमध्ये असतं आणि सर्व्हिस रूट म्हणून चालते, तिला ते सापडत नाही. झोपेतून उठल्यावर रंग जात असेल तर तीच स्क्रिप्ट /यूएसआर/लिब/सिस्टिमडी/सिस्टिम-स्लीप मध्ये ठेवायची, तिथल्या प्रत्येक स्क्रिप्टला झोपताना प्री आणि उठताना पोस्ट हा शब्द मिळतो, पोस्ट आला तरच रंग लावायचा, आणि फाइलला चालवायची परवानगी द्यायची.

हे सगळं झाल्यावर पण एक दिवस अपडेटनंतर रंग जातील, हे आत्ताच सांगून ठेवतो. बाहेरचं मॉड्यूल म्हटलं की हे येतंच, कारण कर्नल आपल्या आतली फंक्शन्स वाटेल तेव्हा बदलतो आणि झाडातल्या ड्रायव्हर्सना सोबत बदलून घेतो, बाहेरच्यांना कोणी विचारत नाही. फेसरसारख्या मॉड्यूल्सना बसलेला मोठा दणका कर्नल ६.४ चा, त्यात क्लास_क्रिएट फंक्शनचा पहिला आर्ग्युमेंट काढून टाकला आणि /डेव्ह मध्ये फाइल बनवणारे असंख्य बाहेरचे ड्रायव्हर एका रात्रीत बिल्ड व्हायचे थांबले, "टू मेनी आर्ग्युमेंट्स" म्हणून. पुढे ६.११ मध्ये प्लॅटफॉर्म ड्रायव्हरच्या रिमूव्ह फंक्शनने इंट ऐवजी काहीच परत करायचं नाही असं ठरलं. ६.१२ मध्ये अनअलाइन्ड.एच ही हेडर फाइल एएसएम मधून लिनक्स फोल्डरमध्ये गेली. तुझ्या मेक.लॉग मध्ये यातलं काही दिसलं तर रेपो परत उतरव, बहुधा तोवर दुरुस्ती झालेली असते, व्हर्जनचा आकडा बदलून परत ॲड-बिल्ड-इन्स्टॉल कर आणि जुनं व्हर्जन डीकेएमएस रिमूव्ह --ऑल ने काढ. तोपर्यंत ग्रबमधून (बूटच्या मेनूमधून) जुन्या कर्नलने बूट करता येतं, म्हणून एक जुना कर्नल कायम ठेवायचा.

दुसऱ्या कंपनीचा लॅपटॉप असलेल्यांसाठी धावतं सांगतो. रेझरला ओपनरेझर, डीकेएमएसवालं मॉड्यूल आणि डेमन (मागे चालत राहणारा प्रोग्रॅम), वर पॉलिक्रोमॅटिक टाकलं की खिडकीतून रंग. लेनोवोच्या चार झोनवाल्या लीजनमध्ये ०४८डी चा यूएसबी कंट्रोलर असतो, मॉड्यूल नको, हिडरॉवर (त्या कंट्रोलरच्या /डेव्ह मधल्या फाइलवर) परवानगी देणारा युडेव्ह नियम पुरतो, नियमाच्या फाइलचं नाव ७३ च्या आधीच्या आकड्याने सुरू कर, टॅग युॲक्सेस त्यानंतर लिहिलेला चालत नाही. एचपी ओमेनला एचपी-डब्ल्यूएमआय ची वाढवलेली प्रत आहे, ती /सिस/डिव्हायसेस/प्लॅटफॉर्म/एचपी-डब्ल्यूएमआय/आरजीबी_झोन्स मध्ये झोन०० ते झोन०३ अशा फाइली देते, त्यात सहा अक्षरी रंगाचा कोड इको केला की झालं. एससला एससीटीएल हा प्रोग्रॅम, आणि तिथे बरंचसं काम कर्नलमध्येच आलंय.

दुसऱ्या कंपन्यांसाठी लॅपटॉप बनवणाऱ्या क्लेव्होच्या सांगाड्यावर बांधलेले लॅपटॉप असतील तर जर्मनीच्या टक्सेडो कंपनीचे ड्रायव्हर्स. ते कर्नलच्या ठरलेल्या पद्धतीने चालतात, /सिस/क्लास/एलईडीज/आरजीबी:केबीडी_बॅकलाइट मध्ये मल्टी_इन्टेन्सिटी फाइल येते, तिच्यात तीन आकडे लिहायचे. ही मल्टिकलर एलईडीची सोय कर्नल ५.९ पासून आहे आणि मला वाटतं सगळ्यांनी याच रस्त्याने यायला हवं, म्हणजे प्रत्येक कंपनीला वेगळी स्क्रिप्ट लागणार नाही. याच टक्सेडोच्या ड्रायव्हरवरून नोव्हेंबर २०२४ मध्ये कर्नलच्या लोकांत वाद झाला होता. ड्रायव्हर जीपीएल या मुक्त लायसन्सच्या व्हर्जन ३ खाली होता आणि कर्नल व्हर्जन २ खाली, दोन्ही एकत्र बसत नाहीत, म्हणून त्या मॉड्यूल्सना कर्नलची जीपीएलवाली फंक्शन्स द्यायचीच नाहीत असा पॅच आला, आणि मग कंपनीने लायसन्स बदलून व्हर्जन २ केलं. सांगायचं कारण हे, की डब्ल्यूएमआयची फंक्शन्स कर्नल फक्त जीपीएलवाल्या मॉड्यूललाच देतो, तेव्हा सोर्स दिसतोय म्हणजे सगळं जुळलं असं नसतं, रेपोतली लायसन्सची फाइल पण बघायची.

एक गोष्ट मात्र कोणी कितीही सांगितली तरी करू नकोस. ईसी_सिस या कर्नल मॉड्यूलला राइट_सपोर्ट देऊन ईसीच्या रजिस्टरमध्ये थेट बाइट लिहून रंग बदलायचे उपाय सांगितले जातात, दुसऱ्याच मॉडेलचे पत्ते घेऊन. त्याच ईसीत फॅन आणि चार्जिंग असतं. डब्ल्यूएमआयमधून गेलं तर मध्ये बायॉसचं कोड असतं, थेट गेलं तर कोणीच नसतं. आयबीएमच्या जुन्या थिंकपॅडमध्ये एसएमबसवर (मदरबोर्डवरच्या छोट्या चिप्सना जोडणाऱ्या वाटेवर) नुसतं काय काय जोडलंय हे तपासताना सिरियल इप्रॉम (सेटिंग जपणारी मेमरी चिप) खराब झाले होते, इतकं की लिनक्सच्या आयटूसी-पीआयआयएक्स४ ड्रायव्हरमध्ये आयबीएम मशीन दिसलं की चढायलाच नकार द्यायची तपासणी घालावी लागली. रंग बदलणारा ओपनआरजीबी प्रोग्रॅम पण डेस्कटॉपवर एसएमबसला हात घालतं, तेव्हा तिथेही आपला बोर्ड त्यांच्या यादीत आहे का बघूनच.

एवढं करून तुझ्याकडे फेसर चढलं, दोन्ही फाइली आल्या, स्क्रिप्ट एरर न देता चालली आणि तरी रंग हललाच नाही, तर तुझं मॉडेल अजून त्या ड्रायव्हरला माहीत नाही असं समज. नव्या प्रिडेटर आणि नायट्रोंसाठी लिनुवू-सेन्स नावाचं दुसरं मॉड्यूल आहे, आधी ते इनएसमॉडने तपासून बघ (फेसर काढून, दोन्ही एकत्र नाही, आणि तेवढ्यापुरतं केमॉडसाइन कमांडने मोकच्या किल्लीची सही लावून). ते पण नाही चाललं तर प्रोजेक्टवर इश्यू उघड आणि त्यात मॉडेलचं प्रॉडक्ट_नेम, बायॉसचं व्हर्जन, युनेम -आर, डीमेसेजमधल्या फेसरच्या ओळी, आणि सुडो एसीपीआयडंप ची फाइल जोड. त्या डंपमधून लिहिणाऱ्याला बायॉसच्या मेथड्स वाचता येतात, लॅपटॉप समोर नसताना पण. जोडायच्या आधी डंपमधून एमएसडीएम नावाचं टेबल काढून टाक, त्यात तुझ्या विंडोजची प्रॉडक्ट की असते.